अर्ध्या शेवंतीचा खण

खूप जुन्या काळची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर बायका नऊवार लुगडी नेसत, चोळीला पुढे गाठ मारत, आणि वाटेत भेटलेली बाई कोणत्या गावची हे तिच्या लुगड्याच्या काठावरून सांगता येई, तेव्हाची. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात, नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात एक कासारीण राहायची. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून ती दारोदार जायची. हातात हात घेतल्याशिवाय बांगडी भरता येत नाही, आणि हात हातात आला की बाई आपोआप बोलायला लागते. त्यामुळे गावातली कोणतीही बातमी आधी कासारणीच्या कानी पडायची आणि मग तिच्या तोंडून गावाच्या. मनानं वाईट नव्हती हो ती. कुणाकडे बाळंतीण अडली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, की ही पहिली धावायची. पण जीभ काही स्वस्थ बसायची नाही.

तिला भारी नाद होता तो बायकांची वस्त्रं न्याहाळायचा. पाटलीणबाईंचं लुगडं डाळिंबी रंगाचं, काष्टा असा चापून बसलेला की मागून बघावं तर टाचेपर्यंत काठाची सरळ रेघ उतरलेली. जोशीणबाई काळी चंद्रकळा नेसत, आणि त्या काळ्यावर त्यांचं कुंकू दुरूनही दिसे. शेतात राबणाऱ्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरत, पण डोईवरचा पदर ढळत नसे. आणि चोळ्यांचं तर काय सांगावं! दंडाला अशा घट्ट बसत की संध्याकाळी चोळी उतरवली तरी काठाची वेल कातडीवर उमटलेली राही. बांगड्या भरता भरता कासारणीचे डोळे मनगटावर कमी आणि दंडावर जास्त असत.

कासारणीच्या शेजारी एक म्हातारी साळीण राहायची. ती, तिचा म्हातारा आणि त्यांची सून. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, तरी पडल्या पडल्या सुताच्या कांड्या भरून द्यायचा. साळीण मागावर बसून चोळीचे खण विणायची. तिच्या हातचा खण धुतला तरी रंग सोडत नसे. पण एवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं.

एका संक्रांतीला साळीण कासारणीच्या दारात आली. पदराखाली काहीतरी होतं.

"कासारणी, हात धुऊन ये."

"का गं मावशी? तिळगूळ द्यायला हात कशाला धुवायचे?"

"तिळगूळ नाही. ये म्हणते ना."

कासारीण हात पुसत आली आणि साळीणीनं पदर बाजूला केला. अंजिरी रंगाचा खण. बारीक विणीचा, हातात घेतला तर पाण्यासारखा ओघळेल असा. दोन्ही बाजूंना सोनसळी काठ. आणि खणाच्या एका टोकाला अर्धी शेवंती, दुसऱ्या टोकाला अर्धी.

"अगं बाई!" कासारीण म्हणाली. "पण मावशी, फूल मध्येच कापलंस की गं!"

साळीण खुदकन हसली. "कापलं नाही, दोन्हीकडे वाटून दिलंय. चोळी शिवली की ही दोन टोकं पुढे येतात. गाठ मारली की दोन्ही अर्धी फुलं पाकळीला पाकळी लागून एक होतात. छातीशी पुरी शेवंती उमलते. जन्मभर डोक्यात होती, आता कुठे हातात उतरली."

"मग तूच शीव की."

"आमच्यात रीत आहे ना. नव्या नक्षीचा पहिला खण विणणारीनं घालायचा नाही, दुसरीच्या अंगावर बघायचा. म्हणून तुला दिला. तू घराघरांत फिरतेस, चार जणींच्या नजरेस पडेल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "सून म्हणते, लोकांना आवडलं तर शिकते, नाहीतर उगाच डोळे कशाला फोडून घ्यायचे. तिचंही खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांना आता फार दिवस नाहीत गं. दिसतंय तोवर तिला शिकवायला हवं. तू घाल, म्हणजे ती बघेल."

"परवाच शिंप्याकडे टाकते," कासारीण म्हणाली. आणि त्या घडीला तिच्या मनात तसंच होतं.

आता त्या गावची एक गंमत सांगायला हवी. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरायची, तर तांदूळ, नारळ आणि खण लागतो. तांदूळ शिजत, नारळ फुटत. खण मात्र शिवायचा कमी आणि पुढच्या ओटीत घालायचा जास्त, अशी तिथली सवय. ज्याला त्याला वाटे, पेटीत एक खण असलेला बरा, वेळेला देता येतो. काही खण इतकी घरं फिरलेले असत की त्यांना गावची वाट पाठ झाली असावी.

कासारणीनं खण घरी नेला. आरशासमोर दंडावर धरून बघितला. आपला दंड तिला एकदम रापलेला वाटायला लागला. हा खण माझ्या अंगावर कसा शोभेल? बांगड्यांच्या ओझ्यानं खांद्यावर चोळी विरते ती विरतेच. शिवू, पण जरा सणासुदीला शिवू.

तेवढ्यात पाटलीणबाईंच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. कासारणीच्या पेटीत दुसरा खण होता तो जाडाभरडा लाल. तो घेऊन पाटलाच्या वाड्यावर कसं जायचं? चार बायका बघतील, नाकं मुरडतील. तिनं अंजिरी खण काढला, आत ठेवला, परत काढला. मावशीकडून दुसरा मागून घेऊ, असं मनाशी ठरवून तिनं तो डोहाळकरणीच्या ओटीत घातला.

पाटलीणबाईंनी लेकीच्या ओटीतला तो खण उचलला आणि सगळ्यांसमोर गालाला लावला. "कसला मऊ गं हा! लोण्यासारखा. कुणी विणला?"

कासारणीच्या ओठांवर साळीणीचं नाव आलं होतं. पण नाव सांगावं तर गोष्ट साळीणीच्या कानी जाणार. तिनं प्रेमानं दिलेला खण मी लोकांत वाटला, हे तिला कळणार. "बाजारातून आणला हो," कासारीण म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं ठाऊक असलेली बातमी गिळली.

संध्याकाळी साळीण ओट्यावर बसली होती. "टाकलास का गं शिंप्याकडे?"

"टाकला की."

मग काही दिवसांनी शिंप्याला ताप आला. मग शिंपी सासुरवाडीला गेला. बिचारा शिंपी घरात बसून सुई चालवत होता, आणि कासारीण त्याला गावोगाव फिरवत होती. पुढे पुढे तर साळीणीचा ओटा टाळून ती मागच्या परसातून ये-जा करायला लागली. साळीणीनं विचारणं सोडून दिलं. तिला वाटलं, हिला आवडला नाही, तोंडावर सांगायला जड जातंय.

इकडे पाटलीणबाईंना खण फार आवडला होता, पण लेक म्हणाली, या रंगाचं लुगडं माझ्याकडे नाही, तूच ठेव. पाटलीणबाईंनी ठेवला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांच्या हाताशी तोच आला आणि जोशीणबाईंच्या ओटीत गेला. कासारीण तिथंच कोपऱ्यात बसून पोरीबाळींना बांगड्या भरत होती. जोशीणबाई खण घेऊन दारात गेल्या, मावळत्या उन्हात धरून बघितला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "अंजिरी म्हणतात तो हा नव्हे. हा अंजिराच्या आतला रंग."

एवढं बोलून त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला. टोकाचं अर्धं फूल बघून त्यांना वाटलं, कात्री लावली तर नक्षी बिघडायची. विणणारी कोण हे विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही. आणि जिला ठाऊक होतं ती पोरींच्या मनगटांकडे बघत राहिली.

नवरात्रात राणीसरकार गावच्या देवीला आल्या. त्यांची ओटी भरायचा मान जोशीणबाईंचा. घरातलं सगळ्यात देखणं काय, तर तो खण. राणीनं तो दोन्ही हातांनी उचलला, बोटानं अर्ध्या शेवंतीच्या पाकळ्या चाचपल्या, आणि देवीपुढे आलेली पहिली वस्तू देवीची म्हणून तो देवीच्या पायाशी ठेवला. कासारीण गर्दीत टाचा उंच करून बघत होती. देवीला पावला, तिनं मनाची समजूत घातली. आता मावशीला कळलं तरी काय वाईट वाटणार? सांगूया. पण आज नको, उद्या. उद्याचा परवा झाला.

देवीला नवरात्रात आलेले खण गुरवीण पुढच्या चैत्रात गावच्या सवाष्णींच्या ओटीत प्रसाद म्हणून घालायची. त्या चैत्रात सगळ्या बायका देवळाच्या पायऱ्यांवर पदर पसरून बसल्या होत्या. अलीकडे पाटलीणबाई, मग जोशीणबाई, मग कासारीण, आणि तिच्याच शेजारी साळीण. तिच्या अंगावर जुनंच हिरवं लुगडं होतं, पण निऱ्या मात्र एकसारख्या, मोजून घातल्यासारख्या. गुरवीण टोपलीत हात घालून येईल तो खण काढायची आणि पदरात टाकायची.

साळीणीच्या पदरात अंजिरी खण पडला.

तिला नीट दिसत नव्हतं. पण विणणारीचा अंगठा डोळ्यांपेक्षा जास्त बघतो. तिनं टोक चाचपलं. दुसरं टोक चाचपलं. मग तिचा हात तिथंच थांबला.

पाटलीणबाईंनी खण ओळखला आणि त्या एकदम देवळाच्या घंटेकडे बघायला लागल्या. जोशीणबाईंच्या पायातलं जोडवं नेमकं तेव्हाच सैल झालं, त्या वाकून ते सारखं करायला लागल्या. ज्या खणाची कौतुकं केली, तो आपणच दुसरीला देऊन टाकला, हे कोण कबूल करणार? आणि कासारीण? गावची सगळी बोलणी जिच्या जिभेवर नाचायची, ती आपल्या पदरातला खण उगाच उलगडून परत घडी घालत राहिली.

"कात्रीसुद्धा लागली नाही कुणाची," साळीण हळूच म्हणाली. रागानं नव्हे. भाकरी करपली तर बाई जसं म्हणते, तसं. "देवीलाही नको झाला वाटतं."

पदर सावरत ती उठली आणि एक हात भिंतीला लावून पायऱ्या उतरून गेली.

कासारीण मागोमाग चार पावलं गेली. आत्ता सांगावं, असं तिला आतून ढुसण्या देऊन कुणी सांगत होतं. पण मागून पाटलीणबाईंनी हाक मारली, "कासारणी, लेकीला हिरवा चुडा भरायचाय, येतेस ना?" आणि ती वळली.

दिवस गेले. पुन्हा नवरात्र आलं, पुन्हा राणीसरकार आल्या. या खेपेला बांगड्या भरायला कासारणीला बोलावणं आलं. राणीनं पांढरंशुभ्र लुगडं नेसलं होतं, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे जरीचे ठिपके. कासारीण एरवी ते डोळे भरून बघत बसली असती. पण राणीनं हात पुढे केला आणि म्हणाली, "बाई, मागल्या वर्षी तुमच्या गावच्या ओटीत मला एक खण आला होता. दोन टोकांना अर्धी अर्धी शेवंती होती बघा. देवीला वाहिला खरा, पण वर्षभर मनाला चुटपुट लागून राहिली. माझ्या पेटीत भरजरी खण पुष्कळ आहेत, पण तसा एकही नाही. कुणी विणला ते तुला ठाऊक आहे का?"

कासारणीच्या हातातली बांगडी वाढली. फुटली असं म्हणायचं नसतं.

"ठाऊक आहे सरकार," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "माझ्या भिंतीला भिंत लावून राहते ती."

"मग तिला सांग, मला तसाच खण हवा. मी चोळी शिवून, ती घालून देवीला येईन. आणि तिला समोर बसवून घेईन."

बांगड्यांच्या माळा तिथंच टाकून कासारीण पळत सुटली. पदर डोक्यावरून सरकला, काष्टा सुटायला आला, तिला भान नव्हतं. आज ती मागच्या परसातून गेली नाही. थेट साळीणीच्या ओट्यावर चढली.

"मावशी! अगं मावशी!"

आत माग होता, पण त्यावर साधं पांढरं सूत लावलेलं. सून मांजरपाटासारखं काहीतरी विणत होती. मागाच्या वर ज्या दोऱ्यांच्या गाठींत शेवंतीची सगळी नक्षी बांधून ठेवलेली असायची, ते दोरे दिसेनात. परसात वालाचा वेल मांडवावर चढवला होता. तो ज्या दोऱ्यांनी बांधला होता, ते कासारणीनं ओळखले.

कोपऱ्यात म्हातारा झोपला होता. त्याच्या अंगावर गोधडी होती, आणि त्या गोधडीत ठिगळं होती अंजिरी रंगाची. एक अर्धी शेवंती त्याच्या उशाशी, दुसरी पायथ्याशी.

कासारणीनं वाकून त्या ठिगळाला हात लावला.

"कोण, कासारीण का?" साळीण भिंतीला टेकून बसली होती. डोळे कासारणीच्या दिशेला, पण कासारणीवर नव्हते. "बस बाई. आज वाट चुकलीस?"

तेव्हा कासारणीनं सगळं सांगितलं. शिंपी आजारी नव्हता, इथून सुरुवात केली ती राणीच्या निरोपापर्यंत येऊन थांबली. मागावर इकडून तिकडे फिरणारा सुनेचा धोटा मध्येच थांबला.

साळीण तिला एक शब्द लावून बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "पाटलीणबाईंनी गालाला लावला म्हणालीस?"

"हो मावशी. सगळ्यांसमोर. म्हणाल्या, लोण्यासारखा मऊ."

"कोणत्या गालाला?"

"अं? उजव्या."

"आणि जोशीणबाई काय म्हणाल्या, ते परत सांग."

"म्हणाल्या, हा अंजिराच्या आतला रंग."

"आतलाच," म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर नव्या नवरीसारखा झाला. "बाहेरचा नव्हेच तो. तो साधेपर्यंत किती सूत नासलं होतं माझं! म्हणजे ओळखला त्यांनी." मग म्हणाली, "कासारणी, हे एवढंच मला देवळाच्या पायरीवर सांगितलं असतंस, तर मी तशी घरी येऊन माग झाडला असता. तेव्हा डोळ्यांत थोडं बाकी होतं गं. एवढंसं होतं. पण होतं."

"आता नाही का जमायचं? सुनेला तोंडानं सांग. सांगून सांगून..."

"बघू," साळीण म्हणाली. तिनं आशा सोडली नव्हती. कौतुकाचं खतपाणी मिळालं की वठलेल्या फांदीलाही पालवी फुटेलसं वाटतं.

सुनेनं मन लावून प्रयत्न केला. उगाच दोष देऊ नये. गोधडीची ठिगळं उसवून समोर ठेवली, सासू सांगेल तसे दोरे बांधले. पण विरलेल्या ठिगळावरून पाकळ्यांची घरं मोजता येईनात, आणि सासूला चूक बोटांना कळायची, ती का झाली हे दिसायचं नाही. खण विणून झाला. कासारणीनं तो स्वतः शिंप्याकडे नेला, समोर बसून शिवून घेतला आणि फूल जुळतं का ते बघायला स्वतः अंगात घातला. गाठ मारली. एका बाजूच्या पाकळ्या वर गेल्या, दुसऱ्या बाजूच्या खाली राहिल्या. फूल जुळलं नाही.

साळीणीनं हात पुढे केला. अंगठ्यानं तिनं ती गाठ चाचपली, वरची पाकळी चाचपली, खालची चाचपली.

"चांगलं झालंय," ती सुनेला म्हणाली. "हात तुझा चांगला आहे. विणत राहा." तिला ठाऊक होतं, चांगलं म्हणायला उशीर करू नये.

मग ती आत जाऊन झोपली.

राणीला निरोप गेला, की ती नक्षी आता होत नाही.

साळीण पुढच्या उन्हाळ्यात गेली. तोवर पाटलीणबाई येऊन गेल्या, जोशीणबाई येऊन गेल्या, दोघींनी तिचे हात हातात घेतले. पण मागावरचे शेवंतीचे दोरे एकदा सुटले ते सुटलेच. त्या मुलखात पुढे खण पुष्कळ विणले गेले. मोर आले, पोपट आले, कोयऱ्या आल्या, जरीचे काठ रुंद झाले. पण गाठ मारताच छातीशी उमलणारी शेवंती कुणाच्याच अंगावर कधी दिसली नाही. ती पुरी दिसते कशी, हे त्या गावात एकालाही सांगता येत नाही, कारण ती पुरी कुणी पाहिलीच नाही.

कासारीण बांगड्या भरत राहिली. फक्त तिची एक सवय नवी झाली. कुणाच्या घरी भाजी चवदार लागली, कुणाची रांगोळी रेखीव दिसली, कुणाच्या लुगड्याचा काष्टा चापून बसलेला असला, की ती चालता चालता थांबायची आणि करणारीला हाक मारून तिथल्या तिथं सांगायची. नव्या पोरी हसायच्या, म्हणायच्या, काकूंना भारी बोलायची हौस. कासारीण हसत नसे.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, एवढंच लक्षात ठेवा: जे आवडलं ते करणाऱ्याला वेळेवर सांगावं, कारण मनात जपून ठेवलेलं कौतुक त्याचा हात चालता ठेवू शकत नाही.